पाच सैनिक, एक पडकं घर: वॉर शॉर्ट फिल्ममध्ये अचूकता नेमकी कुठे लागते

मला आलेला प्रश्न, सोबत पटकथेची पानं, थोडक्यात असा आहे: चौदा मिनिटांची शॉर्ट फिल्म, दुसरं महायुद्ध, १९४४, "युरोपात कुठेतरी", मित्रराष्ट्रांचे पाच सैनिक एका पडक्या घरात रात्र काढतात आणि पहाटे शत्रू येतो. बजेट तुटपुंजं आहे. भीती ही की कुणीतरी जाणकार फिल्म बघेल आणि बटणापासून बुटापर्यंत चुका काढेल, तर युनिफॉर्म आणि बंदुकांवर किती पैसे घालावेत आणि किती अचूकता म्हणजे पुरे?

मी आधी पायदळात होतो आणि आता बरीच वर्षं अशा छोट्या फिल्म्सना मिलिटरी सल्लागार म्हणून मदत करतो, म्हणून हा प्रश्न मला दर दोन-तीन महिन्यांनी येतो आणि दरवेळी मी पहिल्यांदा एकच गोष्ट सांगतो, जी मला स्वतःला एका फिल्मनंतर कळली. त्या फिल्ममध्ये आम्ही सामानावर जीव टाकला होता. बटणं, पट्टे, पाण्याच्या बाटलीचं फडक्याचं कव्हर, सगळं त्या वर्षाचं. फिल्म झाल्यावर एका निवृत्त सुभेदारांना दाखवली, ते लढाईत खरे उतरलेले. त्यांनी शांतपणे बघितली आणि शेवटी एवढंच विचारलं, "बाहेर कोण बघतंय?" सीनमध्ये पाचही जण टेबलाभोवती एकमेकांकडे तोंड करून बसलेले, कॅमेऱ्याला सोयीचं म्हणून. दाराकडे पाठ, खिडकीशी कुणी नाही, रायफली कोपऱ्यात नीट रचून ठेवलेल्या. शत्रू दोनशे मीटरवर आणि पाच माणसं घरात पाहुण्यांसारखी बसलीत. बटणं बरोबर होती आणि माणसं चूक होती.

तेव्हा तुमचा खरा प्रश्न "किती अचूकता" हा नाहीये, "कुठली चूक फिल्म मोडते आणि कुठली नाही" हा आहे. सामानातली चूक शंभरातले दोन-तीन जण पकडतात. वागण्यातली चूक सगळ्यांना जाणवते, काय चुकलंय हे त्यांना सांगता येत नाही पण सीन खोटा वाटतो. आणि गंमत नाही, खरंच सांगतो, वागणं बरोबर करायला जवळजवळ पैसे लागत नाहीत, वेळ लागतो.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हे मान्य करतो. फिल्म कुठे दाखवणार, सैनिकांची ओळख कथेत किती महत्त्वाची, कॅमेरा किती जवळ जाणार, यावर बरंच ठरतं. सगळी फिल्म चेहऱ्यांच्या क्लोजअपमध्ये असेल तर बूट कुठल्या पॅटर्नचे हे कुणी बघणार नाही, पण कॉलर, हेल्मेटचा पट्टा, दाढी, नखं हे सगळं मोठं होऊन दिसणार. फिल्म लांबून, वाइडमध्ये असेल तर उलटं, तिथे माणसांमधलं अंतर, चाल आणि ओझं दिसतं. म्हणून शॉट लिस्ट झाल्याशिवाय सामानाची यादी करू नका.

पण त्याच्याही आधी "युरोपात कुठेतरी" हे काढून टाका. हे सगळ्यात महागात पडणारं वाक्य आहे. तारीख, जागा आणि कुठल्या सैन्याची कुठली तुकडी, हे तीन ठरलं की अर्धे प्रश्न आपोआप सुटतात, नाही ठरलं तर प्रत्येक वस्तू अंदाजाने घ्यावी लागते आणि त्यातली निम्मी एकमेकांशी भांडतात. पहिल्या महायुद्धाचं उदाहरण घ्या, कारण तिथे हे फार ठळक दिसतं. १९१४ च्या लढाईत ब्रिटिश किंवा फ्रेंच सैनिकाच्या डोक्यावर पोलादी हेल्मेट दाखवलं की चूक झाली, फ्रेंच आणि ब्रिटिश हेल्मेटं १९१५ मध्ये यायला लागली आणि जर्मनांचं ते ओळखीचं हेल्मेट १९१६ मध्ये. रणगाडा रणांगणावर पहिल्यांदा उतरला १५ सप्टेंबर १९१६ ला. म्हणजे "पहिलं महायुद्ध" एवढंच लिहून भागत नाही, वर्षसुद्धा पुरत नाही, महिना लागतो.

तुमच्या गोष्टीसाठी मी असतो तर १९४४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमधली इटली घेतली असती, अपेनाइन डोंगरातली. कारण त्या हिवाळ्यात तिथली आघाडी पाऊस, चिखल आणि बर्फात अडकून पडली होती, मोठे हल्ले थांबलेले आणि लहान तुकड्या दगडी घरांतून राहायच्या, रात्री गस्त घालायच्या. म्हणजे तुमची कथा तिथे ओढूनताणून बसवावी लागत नाही, ती तिथे रोज घडत होती. शिवाय ब्रिटिशांच्या आठव्या आर्मीत कॅनेडियन होते, न्यूझीलंडचे होते, पोलिश होते, आणि भारतीय आठवी आणि दहावी डिव्हिजन त्या हिवाळ्यात इटलीतच होत्या. तुमचे नट जसे दिसतात, जी भाषा बोलतात, त्याप्रमाणे तुकडी निवडा, चेहऱ्यांना न शोभणारी तुकडी निवडून मग मेकअपने झाकत बसू नका. भारतीय तुकडी घेतलीत तर हुद्दे त्याप्रमाणे घ्या, सेक्शनचा (दहाएक माणसांची लहान तुकडी) प्रमुख म्हणजे नायक, हा कॉर्पोरलच्या बरोबरीचा हुद्दा, प्लाटूनचा (तीन सेक्शनांची तुकडी) हवालदार, आणि प्लाटून बरेचदा जमादाराच्या, म्हणजे त्या काळच्या कनिष्ठ भारतीय अधिकाऱ्याच्या, हाताखाली. ब्रिटिश घेतलीत तर सेक्शन कॉर्पोरलचा. पाच माणसांबरोबर एक मेजर फिरतोय ही शॉर्ट फिल्म्समधली फार नेहमीची चूक आहे, लेखकाला मोठा हुद्दा वजनदार वाटतो म्हणून. मेजर साधारण शंभरेक माणसांच्या कंपनीचा असतो, पाच जणांच्या गस्तीवर तो कशाला जाईल? उलट एका तरुण नायकावर किंवा कॉर्पोरलवर चार जिवांचा भार, हे नाट्य म्हणूनही जास्त खोल आहे. आणि आघाडीवर अधिकाऱ्याला कडक सॅल्यूट मारू नका, लांबून बघणाऱ्या शत्रूच्या नेमबाजाला "हा बघ साहेब" असं बोट दाखवून सांगितल्यासारखं होतं ते.

आता घरातल्या रात्रीवर येऊ, कारण तुमची फिल्म तिथेच आहे.

पाच माणसं शत्रूच्या जवळ एका घरात रात्र काढतात म्हणजे नक्की काय करतात? पहिलं म्हणजे पाचही कधीच एका वेळी मोकळे नसतात. कुणीतरी पहाऱ्यावर, बहुतेक वेळा दोघं, तास-दोन तासांनी बदली. पहाऱ्यावरचा माणूस खिडकीत कोपर टेकून उभा राहत नाही, हे सिनेमात सगळ्यांना आवडतं पण खिडकीत उभा राहिलेला माणूस म्हणजे चौकटीत लावलेलं टार्गेट. तो खिडकीपासून मागे, खोलीच्या अंधारात असतो, बाजूला सरकून, म्हणजे त्याला बाहेरचं दिसतं आणि बाहेरून तो दिसत नाही. गोळी झाडायची तरी तिथूनच झाडतो. तुमच्या कॅमेरामनला हे सांगा, तो खूश होईल, कारण खोलीच्या आतून काळी आकृती आणि पुढे खिडकीचा निळसर चौकोन ही फ्रेम सुंदर दिसते आणि बरोबरही आहे.

उजेडाचं तसंच. "रात्री उजेड नको, मग दाखवू काय" हा प्रश्न प्रत्येक दिग्दर्शक विचारतो. सैनिकसुद्धा उजेड करायचे, पण आतल्या खोलीत किंवा तळघरात, दारावर ब्लँकेट लटकवून, एक मेणबत्ती. म्हणजे तुम्हाला उजेडाचं कारण मिळालं आणि ते ब्लँकेट मिळालं, आणि आता त्या ब्लँकेटमधून आत-बाहेर जाणं ही प्रत्येक वेळी एक छोटी घटना झाली. अजून एक गोष्ट: अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. मेणबत्तीजवळून उठून पहाऱ्यावर गेलेला माणूस पहिली काही मिनिटं जवळजवळ आंधळा असतो. तुमच्या पटकथेत शत्रू पहाटे अचानक येतो, पण कसा काय कुणाला दिसला नाही याचं कारण नाहीये. हे घ्या कारण. बदली नुकतीच झाली होती आणि नवा माणूस उजेडातून आला होता. आता ती चूक कुणाची हाही प्रश्न उभा राहतो, आणि तो प्रश्न माणसांचा आहे.

पहाटेबद्दल एक मात्र लक्षात ठेवा. दिवस उजाडताना आणि मावळताना हल्ल्याची शक्यता जास्त, म्हणून त्या दोन्ही वेळी सगळ्यांनी उठून हत्यार घेऊन आपापल्या जागी थांबायचं, याला स्टँड-टू म्हणतात आणि ही पद्धत त्या काळात पक्की होती. म्हणून "पहाटे सगळे गाढ झोपलेत आणि शत्रू येतो" हे जसंच्या तसं चालणार नाही. एक तर शत्रू पहाटेच्या तासभर आधी येऊ दे, नाहीतर सगळे जागे, आपापल्या कोपऱ्यात, गारठलेले, गप्प, आणि काहीच होत नाही, उजाडतं, सगळे सैल पडतात आणि मग होतं. मला दुसरं आवडेल.

मोकळ्या वेळात हात रिकामे नकोत. रायफल साफ करायची, पण पाचही जणांनी एकदम उघडून बसायचं नाही, एकाची उघडी असेल तेव्हा बाकीच्यांच्या तयार. ली-एनफिल्ड, म्हणजे आपली थ्री नॉट थ्री, तिच्या दस्त्याच्या तळाला पितळेचं छोटं झाकण असतं, त्यात तेलाची बाटली आणि नळीतून ओढायची दोरी, तिला पुल-थ्रू म्हणतात. दोरीच्या टोकाला फडक्याची पट्टी अडकवायची आणि नळीतून ओढून काढायची. एवढी एक कृती नटाला नीट शिकवली आणि तो संवाद म्हणताना ती न बघता करत राहिला, की तो सैनिक झाला. दुसरं म्हणजे पाय. ओल्या बुटात पाय कुजतात, त्यामुळे मोजे बदलणं, पाय कोरडे करणं हे काम त्या हिवाळ्यात जिवावरचं होतं. पण बूट काढले तर एका वेळी एकाच पायाचा, आणि झोपताना बूट पायातच. रायफल झोपेतही हाताला लागेल अशी. हे सगळं फुकट आहे.

बंदुकांबद्दल. इटलीतल्या आठव्या आर्मीच्या सेक्शनमध्ये रायफली, एक ब्रेन गन (हलकी मशीनगन) आणि सेक्शन कमांडरकडे बहुतेक वेळा टॉमी गन (थॉम्पसन सबमशीनगन). पाच जणांसाठी तीन रायफली, एक ब्रेन, एक टॉमी गन, बस. टॉमी गनला ते गोल ड्रम लावू नका, युद्धकाळात बनलेल्या एम-१ मॉडेलला तो बसतच नाही, वीस किंवा तीस गोळ्यांचं सरळ मॅगझिन लागतं. रायफलीत दहा गोळ्या, पाच-पाचच्या दोन क्लिपांनी वरून भरतात. आणि प्रत्येक गोळीनंतर बोल्ट, म्हणजे रायफलीच्या बाजूचा दांडा, मागे-पुढे करावा लागतो! नट हे विसरतात, एडिटर कट मारतो आणि माणूस बोल्टला हात न लावता तीन गोळ्या झाडतो. ब्रेनचं मॅगझिन वर असतं, तीस गोळ्यांचं, स्प्रिंगवर ताण नको म्हणून बरेचदा अठ्ठावीसच भरायचे. ब्रेन एकट्याची नसते, शेजारी नंबर दोन असतो, मॅगझिन बदलणं त्याचं काम, आणि बाकीच्यांच्या पाउचमध्येही ब्रेनचीच मॅगझिनं असतात. म्हणजे रायफलवाल्याने धावत येऊन स्वतःकडची दोन मॅगझिनं ब्रेनपाशी टाकणं हा एका सेकंदाचा शॉट आहे, त्यात सगळं सेक्शन कसं चालतं ते येतं. संकलनाच्या वेळी एकाने बसून गोळ्या मोजा, खरंच कागदावर मोजा.

ग्रेनेडची पिन दातांनी काढू नका. तिची टोकं फाकवलेली असतात, दात जातील. मिल्स ग्रेनेडला फुटायला साधारण चार सेकंद. आणि फुटल्यावर नारिंगी आगीचा गोळा येत नाही, तो पेट्रोलचा असतो. ग्रेनेड म्हणजे एक कोरडा, कान फोडणारा दणका, धूळ, करडा धूर आणि भिंतीचा उडालेला गिलावा. तुमच्यासाठी हे स्वस्तच आहे. गोळी लागलेला माणूसही मागे उडत नाही, गोळीत तेवढा धक्का नसतो. तो बहुतेक वेळा खाली बसतो, कोसळतो, किंवा काही क्षण काहीच झालं नाही असा चालत राहतो.

सेफ्टीवर इथे थांबून बोलतो, कारण ही गोष्ट सल्ला नाही, अट आहे. सेटवर खरी काडतुसं कुठल्याही कारणाने नको. ब्लँक (पुढे गोळी नसलेलं, फक्त दारूचं काडतूस) सुद्धा परवानाधारक आर्मररशिवाय, म्हणजे सेटवरची हत्यारं सांभाळणाऱ्या तज्ज्ञाशिवाय, नको, ब्लँकमधून निघणारा वायू आणि तुकडे जवळून माणूस मारू शकतात. १९९३ मध्ये आणि परत २०२१ मध्ये शूटिंगच्या वेळी हत्याराने माणसं गेलेली आहेत, व्यावसायिक सेटवर. तुमच्या बजेटला न झाडता येणाऱ्या नकली रायफली, पळापळीसाठी रबराच्या, आणि नळीच्या तोंडाशी दिसणारा फ्लॅश नंतर पोस्ट-प्रॉडक्शनमध्ये. शूटच्या आधी तिथल्या पोलिसांना लेखी कळवा, लांबून बघणाऱ्याला ती रायफल खरीच वाटते. आणि फ्लॅशसुद्धा प्रत्येक गोळीला टाकू नका. तो इतका क्षणिक असतो की सेकंदाला चोवीस फ्रेम्सच्या कॅमेऱ्यात दोन फ्रेम्सच्या मधे निसटून जातो, दिवसा तर बरेचदा दिसतच नाही.

याच जोडीला आवाज. माझ्या मते शॉर्ट फिल्मची सगळ्यात मोठी चोरवाट आवाज आहे, आणि तिथे फार कमी लोक मेहनत घेतात. रायफलची गोळी आवाजापेक्षा वेगाने जाते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर, थ्री नॉट थ्रीची गोळी नळीतून सुटताना ७४० च्या आसपास. त्यामुळे ज्याच्या दिशेने गोळी येते त्याला आधी डोक्यावरून जाणारी चाबकासारखी "टॅक" ऐकू येते आणि मग लांबून बंदुकीचा "ठप्". सव्वातीनशे-साडेतीनशे मीटरवर या दोन आवाजांत जवळपास अर्धा सेकंद जातो. अनुभवी सैनिक त्या दोन आवाजांमधल्या वेळेवरून शत्रू किती लांब आहे ते ओळखतो. हे तुमच्या कथेत वापरा: पहिला "टॅक", सगळे खाली, मग "ठप्", आणि म्हातारा शिपाई न बघताच म्हणतो, "तीनशेच्या आत." तसंच जर्मन मशीनगन एमजी ४२ मिनिटाला साधारण १२०० गोळ्यांच्या वेगाने चालायची, कापड टर्रकन फाडल्यासारखी, आणि ब्रेन पाचशेच्या आसपास, संथ ठक-ठक-ठक. पडद्यावर एकही जर्मन न दाखवता फक्त या दोन आवाजांनी कोण कुठे आहे हे सांगता येतं. शत्रू न दाखवणं हेही अचूकच आहे, पायदळातल्या बऱ्याच माणसांना लढाईत शत्रू नीट दिसतच नाही, झाडीतली हालचाल दिसते.

आता एक उलटी चूक सांगतो जी हल्ली वाढली आहे. नट आजकालचे कमांडोंचे व्हिडिओ बघून येतात आणि १९४४ च्या सैनिकासारखं वागण्याऐवजी आजच्यासारखं वागतात. बंदूक छातीशी चिकटवून कोपऱ्यावर वळणं, दोन बोटांनी डोळ्यांकडे खूण, ट्रिगरवरून बोट सरळ ताणलेलं. त्या काळातल्या फोटोंत बघा, बोट बरेचदा ट्रिगरवरच असतं, रायफल खांद्यावर नाहीतर कमरेशी आडवी धरलेली. (सेटवर मात्र बोट बाहेरच ठेवा, हत्यार नकली असलं तरी, ही सवय मी मोडू देत नाही. आणि अचूकतेसाठी एखाद्या क्लोजअपमध्ये गरज लागली तरच ठरवून, तपासून करतो.) दाढीचंही तसंच, ब्रिटिश आणि भारतीय पायदळात धार्मिक कारण असेल तर दाढी, नाहीतर रोज नाही तर जमेल तेव्हा गुळगुळीत. दोन दिवसांचे खुंट चालतील, कोरलेली फॅशनची दाढी नाही.

वायरलेसवर "ओव्हर अँड आउट" नको. ओव्हर म्हणजे तू बोल, आउट म्हणजे संपलं, दोन्ही एकदम कसं? मुळात पाच जणांकडे सेट असायचं कारण फारसं नाही, निरोप न्यायला माणूस पळतो. तोच तुमच्या फिल्ममधला सगळ्यात भीतीदायक शॉट होऊ शकतो.

पैसे कुठे घालायचे, तर कपड्यांत, पण नव्या कपड्यांत नाही. हिवाळ्याची इटली म्हणजे लोकरीचा बॅटलड्रेस आणि १९३७ पॅटर्नची वेबिंग (कापडी पट्टे आणि पाउच), हे भाड्याने घ्या आणि शूटच्या तीन दिवस आधी नटांच्या अंगावर चढवा. त्यात झोपू दे, चिखलात बसू दे. मेकअपवाला जो मळ लावतो तो सगळीकडे सारखा असतो, खरा मळ गुडघ्यांवर, कोपरांवर, बाह्यांच्या टोकांना आणि मानेपाशी बसतो. पाउचमध्ये कागद कोंबू नका, वजन भरा. बाटलीत पाणी भरा. पायदळाचा सैनिक वीस-तीस किलो घेऊन चालायचा, तुमच्या नटाच्या पाठीवर दहा किलो जरी खरे असले तर त्याला दमण्याचा अभिनय करावा लागणार नाही, आणि पाठीवरचं ओझं उतरवताना माणूस जो एक आवाज काढतो तो आपोआप येईल.

आणि अचूकता मुद्दाम कुठे मोडायची? मोडावी लागतेच. माणसांमध्ये पाच-सात मीटर अंतर ठेवलं की फ्रेममध्ये दोघंच मावतात, तर लांब लेन्स लावा, ती अंतर दाबून माणसं जवळ आणते, अंतरही राहतं आणि फ्रेमही भरते. हेल्मेटने डोळ्यांवर सावली पडते, एखाद्या महत्त्वाच्या क्षणी आतल्या खोलीत काढू दे, हरकत नाही. कुजबुज ऐकू येत नाही, थोडी वाढवा. माझी कसोटी एकच, की मोडणं कथेसाठी असावं, आळसासाठी नाही, आणि ते तुम्हाला आधी माहीत असावं.

एक पूर्ण दिवस रिहर्सलचा काढा, संवादांशिवाय. सकाळी हत्यारं हातात द्या आणि संध्याकाळपर्यंत खाली ठेवू देऊ नका, जेवताना पण नाही. प्रत्येकाला पन्नास वेळा बोल्ट मारू दे, क्लिप भरू दे. मग घरात न्या आणि त्या पाच जणांनाच ठरवू दे कोण कुठे बसणार, कोणाला कुठली दिशा, पहाऱ्याची पाळी कशी. नटांनी स्वतः ठरवलेलं आणि मग कॅमेऱ्यासाठी तुम्ही थोडं सरकवलेलं, हे तुम्ही कागदावर आखलेल्यापेक्षा दरवेळी चांगलं निघतं असा माझा अनुभव आहे.

तुम्ही प्रश्नासोबत पटकथेचं दुसरं पान दिलंय, ज्यात पाचही जण शेकोटीभोवती बसून घरच्या आठवणी काढतात. शेकोटी आत न्या, मेणबत्ती करा. चौघांना बसू दे. आणि ज्याची आठवण सगळ्यात जड आहे, तो धाकटा, त्याला पहाऱ्यावर ठेवा, ब्लँकेटच्या पलीकडे, अंधारात. बाकीच्यांचं बोलणं त्याला ऐकू येतंय, त्याची पाळी आली की तो तिथूनच बोलतो, हळू, मान न वळवता.